नलूबाईंची पिशवी

त्या दिवशी नलूबाई दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला पिशवी नव्हती. अल्लीपुरात माझं कापडाचं दुकान आहे. लग्नाचा बस्ता घ्यायला आसपासच्या गावांतून माणसं येतात, आणि गेल्या सतरा वर्षांत मी या बाईला तिच्या खाकी पिशवीशिवाय पाहिलेलं नाही. माणूस चष्मा विसरेल, छत्री विसरेल, पण नलूबाई पिशवी विसरणाऱ्यातल्या नव्हेत. म्हणजे ती त्या मुद्दाम घरी ठेवून आल्या होत्या. पाहून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

नलूबाई आमच्या गावच्या आशा सेविका. गरोदर बायांची नोंद, लेकरांचे डोस, तापाच्या गोळ्या, सगळं त्यांच्याकडे. पण गाव त्यांना ओळखतं ते 'सिकलसेलवाली बाई' म्हणून. हे रक्तातलं दुखणं आहे. आई आणि बाप या दोघांच्याही रक्तात त्याचा अंश असला, तर एखाद्या लेकराच्या वाट्याला ते पुरं येतं. मग हाडं ठणकतात, रक्त कमी पडतं, आणि हे जन्मभर. अंश एकाच्यातच असला तर लेकराला तसं दुखणं होत नाही. अंश असणाऱ्याला सरकारी दवाखाना पिवळं कार्ड देतो आणि दुखणं असणाऱ्याला लाल. पिवळ्या कार्डवाल्याला स्वतःला काही होत नाही, तो वखर हाकतो, पोती उचलतो, त्याला पत्ताही नसतो. नलूबाईंचं म्हणणं एवढंच, की लग्न ठरवताना गुण जुळवता, गोत्र पाहता, तर हेही पाहून घ्या.

आता कोणाचं लग्न जमलं हे बाईंना कळावं कसं? त्यांनी माझं दुकान हेरलं. आमच्याकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं तरी एखादी सोयरीक मोडते, पण बस्ता बांधला की मोडत नाही. दोन्हीकडची मंडळी एकत्र बसून कापड घेतात, सगळं एका चादरीत ठेवतात, हळदकुंकू वाहतात आणि दुकानदार गाठ मारतो. त्या गाठीनंतर कोणी मागं फिरत नाही. म्हणून बाई बरोबर गाठीच्या आधी उगवायच्या.

"नवरदेवाचं कार्ड हाये का जी? नसंन तं पाच मिनिटं लागते. इथंच पाहून देतो."

साड्या पसरलेल्या, चहा आलेला, वरमाय खुशीत, आणि मध्येच ही बाई सुई घेऊन उभी. किती तरी पार्ट्या अर्ध्यावरून उठून हिंगणघाटच्या दुकानांत गेल्या. गावातली पोरं म्हणायची, नलूबाई आली, मुंडावळ्या लपवा. मीही हसलो आहे, खोटं कशाला सांगू. एकदा तर मी चांगलाच खेकसलो.

"बाई, तुमी माह्या धंद्याच्या मागं काऊन लागल्या? तुमचे आभार मानाले एक तरी माणूस आला का आजवर?"

त्या पायरीवर टेकल्या. भर मे महिना होता. पाणी मागून घेतलं, प्यायल्या आणि म्हणाल्या, "ज्याचं पोट दुखलंच नाई, भाऊ, तो ओव्याचं नाव कशाले काढन?"

मग त्याच आवाजात त्यांनी आपल्या थोरल्या मुलाचं सांगितलं. तो बाराव्या वर्षी गेला. तेव्हा गावात या दुखण्याला नावही नव्हतं, सगळे 'वात' म्हणायचे. त्या तेल चोळत राहिल्या, नवस बोलत राहिल्या. नवरा मुलाच्या मागोमाग दोन वर्षांत गेला. राहिली मोहिनी, धाकटी. ती धडधाकट, पण कार्ड पिवळं. हे सांगून त्यांनी पिशवी उचलली आणि पुढच्या घरी गेल्या. मला वाटलं, झालं, बाईला एक वेड लागलं आहे.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं, ओमप्रकाशचं लग्न ठरलं. मुलगी पुलगावची, घराणं आमच्यासारखंच व्यापारी. बस्ता अर्थात माझ्याच दुकानात, गाठ मारायला मीच. नलूबाई आल्या. सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"बाई, हे आपल्यातलं दुखणं नोहे. ते पलीकडच्या वस्तीतलं. तिकडं जा."

"रक्त वस्ती पाहून नाई येत, भाऊ. पाच मिनिटं लागते."

"मले पाच मिनिटं नाई," मी म्हटलं आणि गाठ मारली. आवळून मारली, चांगलं आठवतं.

आचल, माझी नात, दीड वर्षाची असताना तिची बोटं सुजली. हाताची, पायाची, सगळी. आम्ही लेप लावले, उतारे टाकले, दोन वैद्य केले, नजर काढली. आठ महिने असे घालवल्यावर वर्ध्याला नेलं आणि लाल कार्ड हातात आलं. ओमप्रकाश पिवळा, सूनही पिवळी. दोघांनाही तोवर काही माहीत नव्हतं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. आमच्या घरी आलेलं जातच नाही. पोरगी आता सात वर्षांची आहे. थंडी पडली की ठणका, ताप आला की ठणका, शाळा महिन्यात पंधरा दिवस. रोजची गोळी, महिन्याची फेरी. आम्ही सगळे थकलो आहोत. घरात आता कोणी भांडणसुद्धा पुरं करत नाही, मध्येच सोडून देतो.

नलूबाईंनी मला एकदाही 'सांगितलं होतं ना' असं म्हटलं नाही. त्या गोळ्या घेऊन यायच्या, पोरीच्या डोळ्यांची पिवळी झाक पाहायच्या, सुनेला म्हणायच्या, "पानी पाजत राह्य माय, घोट-घोट. कोरडी पडू देऊ नको." त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तर त्या दिवशी बस्ता होता खुद्द मोहिनीचा.

मोहिनी एकोणतीस वर्षांची. माझ्याच दुकानाचे ब्लाउज शिवते, हात फार सफाईचा. तिची तीन ठरलेली लग्नं आईच्या प्रश्नानं मोडली. पहिल्यात मुलगा पिवळा निघाला, ते मोडलं ते बरंच झालं. बाकी दोघांनी तपासणीच केली नाही. आमच्या पोरात खोट काढता का, म्हणून रागानं उठून गेले. त्यानंतर चार वर्षं कोणी दारात आलं नाही. आता जाम गावचा चंदन आला होता. चौरस्त्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. मुलगा शांत, मोहिनीला आवडलेला, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आठ दिवस आधीच नलूबाई मला सांगून गेल्या होत्या. "पोट्टी माह्या पाया पडली, भाऊ. म्हणे, आई, या वारी नको विचारू. आता मी काय करू? सारं गाव विचारून झालं. मी थकली."

"मंग नका विचारू," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार होतो?

बस्त्याला चंदन आणि त्याची आई प्रमिलाबाई, एवढेच आले होते. प्रमिलाबाई मोकळ्या स्वभावाच्या, प्रत्येक साडी स्वतः अंगावर धरून पाहणाऱ्या. मोहिनीनं मोरपंखी रंगाची साडी निवडली आणि ती परत ठेवलीच नाही, मांडीवर घेऊन बसली. नलूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. जरा वेळानं त्या खांद्यावर हात न्यायच्या, पट्टा सावरायला, आणि तिथं पट्टा नसायचा.

तेवढ्यात ओमप्रकाशचा फोन आला. सकाळीच तो आणि सून आचलला घेऊन वर्ध्याला गेले होते.

"बाबा, भरती करून घेतली. रक्त लावून राह्यले. घ्या, तुमच्याशी बोलाचं म्हणते."

"आबा," पोरगी म्हणाली. आवाज असा, की फोन कानात खुपसावा लागला. "तुमी येजा. माही पाठ लय दुखते."

"येतो माय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी वळलो तेव्हा चादर पसरलेली होती. सगळं कापड तिच्यात रचून झालं होतं. प्रमिलाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. "बांधा शेटजी," त्या म्हणाल्या. मी चादरीची दोन टोकं हातात घेतली आणि नलूबाईंकडं पाहिलं.

मला खात्री होती, बाई आता बोलतील. सतरा वर्षं बोलल्या, पोरीच्या शब्दासाठी किती गप्प राहतील? पण त्या दाराकडं पाहत होत्या. आपल्याच पोरीच्या बस्त्याला त्या अशा बसल्या होत्या, जशा एसटी चुकलेल्या बाया बसतात. तेव्हा मला कळलं, ही आज विचारणार नाही. हिला आपण सगळ्यांनी मिळून थकवलं आहे, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे.

"चंदनभाऊ, तुमचं सिकलसेलचं कार्ड हाये का?" मी विचारलं.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मोहिनीनं झटकन वर पाहिलं. नलूबाईंनीही.

प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला, मग चढला. "शेटजी, तुमचं काय काम ह्याच्यात? तुमी कापड विका."

हे वाक्य मी स्वतः नलूबाईंना किती तऱ्हांनी ऐकवलं होतं! माझ्या घरात जे होतं ते सांगितलं. "माह्या घरी सात वर्षाची नात हाये, बाई. आत्ता फोन आला तो तिचाच. तिच्या मायबापाचं मी विचारू देल्लं नाई. ते फेडून राह्यली ती."

"आमच्या घरी नाई असं काई. ऊठ चंदन. जामले कापडाची दुकानं नाईत का?"

चंदन अर्धवट उठला. मी चादरीची टोकं सोडली नव्हती, आणि मला वाटलं, या पोरीचं चौथं लग्नही मोडलं, या वेळी माझ्या हातानं.

मोहिनीनं मांडीवरची मोरपंखी साडी घडी करून चादरीत ठेवली. मग आईकडं पाहून म्हणाली, "आई, पिशवी घरी हाये. घेऊन येऊ का?"

नलूबाईंना रडू फुटलं. मी त्यांना मुलाचं सांगताना पाहिलं होतं, तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. चंदननं एकदा आपल्या आईकडं पाहिलं, एकदा मोहिनीकडं, आणि परत गादीवर बसला. "आणा," तो म्हणाला. "आणि आई, तू बी बस. सुईच हाये, तलवार नोहे."

मोहिनी धावतच गेली आणि धावतच आली. नलूबाईंनी डोळे पुसले, हात धुतले. मग मात्र त्यांचे हात ते जुने हात झाले. त्यांनी चंदनचं बोट पुसलं, टोचलं, थेंब घेतला, छोट्या नळीतल्या औषधात सोडला आणि नळी हलवून उभी ठेवली. पिशवीतून त्यांनी काळ्या रेघा छापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. नळीतून पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या, तर रक्तात काही नाही. गढूळ होऊन रेघा झाकल्या, तर आहे. मग आम्ही पाच जण त्या बोटभर नळीकडं पाहत बसलो. प्रमिलाबाईसुद्धा.

वेळ झाली तेव्हा नलूबाईंनी नळी कार्डासमोर धरली. बराच वेळ धरली. मग ती माझ्या हातात दिली.

"माह्या डोळ्यात पानी हाये, भाऊ. मले दिसून नाई राह्यलं. तुमी पाहा."

मी उजेडात गेलो. रेघा होत्या. एक, दोन, तीन, चार, साऱ्या काळ्या आणि सरळ, नळीच्या पार. मी त्या दोनदा मोजल्या.

"दिसते," मी म्हटलं. "साऱ्या दिसते."

"तरी वर्ध्याले एकदा पक्की तपासनी करून घेजा जी," नलूबाई सवयीनं म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"एवढंच होतं तं आधीच सांगाचं ना!" प्रमिलाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, काय मोठं हाये." नलूबाई नुसत्या 'हो जी' म्हणाल्या. मी गाठ मारली. मंडळी चहा पिऊन निघाली. चंदननं गठ्ठा उचलला. त्याच्या मागं मोहिनी होती.

नलूबाई मागं रेंगाळल्या. पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, "मी विचारनार नव्हती, भाऊ."

"माहीत हाये."

"आचलजवळ जा आता. पानी पाजत राहजा म्हना तिले." आणि त्या उन्हात उतरल्या.

मी वर्ध्याच्या गाडीसाठी दुकान आवरायला घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं. बोट टोचलं तेव्हा मी त्याच्याकडं पाहिलं होतं आणि रेघा दिसल्या तेव्हाही, पाच मिनिटंच लागली होती. नऊ वर्षांपूर्वी माझ्यापाशी नाहीत म्हटलं होतं, ती हीच. त्या दिवशी तर घरचाच बस्ता होता. दुकान मी बाकी गिऱ्हाइकांना बंद ठेवलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत मला दुसरं काहीही काम नव्हतं.