मावशीचा नियम
सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचं काम ती लग्नाच्या आधीपासून करत होती. जुनं कापड उसवायचं, दबलेला फोम काढून टाकायचा, सैल स्प्रिंगा पुन्हा ताणून बांधायच्या. कारखान्यात तिचा शब्द चालायचा. कापड जरा तिरकं लागलं, तर "काढा ते" असं मालकालाही सांगायला ती कचरायची नाही. घरात मात्र दोन वर्षांत तिच्या तोंडून एकदाही "नाही" निघालं नव्हतं.

लग्न उशिरा झालं होतं, तेही दोन मुलांच्या बापाशी. तो औषधांच्या दुकानात कामाला होता, स्वभावाने अगदी मवाळ. पहिली बायको आजारपणात गेली, तेव्हा धाकटा जेमतेम बोलायला लागला होता. संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं, म्हणून बापाने मुलांच्या हातात मोबाईल दिले. रडारड थांबली. पुढे बोलणंही थांबलं.

मुलं तिला मावशी म्हणायची. "आमची मावशी चांगली आहे, कशालाच काही म्हणत नाही," असं मुलगी मैत्रिणीला सांगताना तिने ऐकलं होतं आणि ती सुखावली होती. सावत्र म्हणून कुणी बोट दाखवू नये, एवढीच तिची धडपड.

एका संध्याकाळी धाकटा डाव्या हातात मोबाईल धरून जेवत होता. ताट केव्हाच रिकामं झालं होतं. तरी त्याचा हात ताटात गेला, रिकामी बोटं तोंडाशी आली, जबडा हलला. पुन्हा हात ताटात. तिला आधी फिस्सकन हसू आलं. पण पोरगं पुन्हा वारा चावायला लागलं, तेव्हा तिने हातातला घास ताटात ठेवला.

"उद्यापासून जेवताना मोबाईल नाही," ती म्हणाली. "आणि जेवण झाल्यावर सगळ्यांचे कपाटात. माझाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, हळूहळू बघू ना. एकदम कशाला?"

मुलीने मान वर केली. "तू कोण सांगणारी? तू काही आमची आई नाहीस."

"नाहीये," ती म्हणाली. "पण या घरात मीही राहते. आणि तुम्ही दोघं मला दिसता."

एवढं बोलून ती उठली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. दोन वर्षांचा चांगुलपणा एका दमात पाण्यात गेला, असं तिला वाटलं.

पुढचे दिवस कठीण गेले. मुलीने तिला हाक मारणंच सोडून दिलं. धाकट्याने चमचा भिरकावला, दारामागे बसून राहिला, मग या खोलीतून त्या खोलीत हरवल्यासारखा फिरत राहिला. नवरा कानाशी येऊन म्हणायचा, "आजच्या दिवस देऊ का गं?" ती नुसती नकारार्थी मान हलवायची.

आणि एके दिवशी जेवण झाल्यावर धाकट्याने कुणाकडेच न बघता विचारलं, "आई कशी बोलायची?"

नवरा ताडकन उठून गॅलरीत गेला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या घरात मोबाईल कुठली जागा बुजवायला आले होते. ती जागा आज उघडी पडली होती, आणि ती उघडी पाडणारी ती स्वतः होती. तिला क्षणभर भीती वाटली. कपाट उघडून मोबाईल देऊन टाकले असते, तर सगळं पुन्हा मुकाट झालं असतं.

ती उठली नाही. मुलीकडे वळून म्हणाली, "तुला आठवतं ना? सांग त्याला."

मुलीने आधी एक नख कुरतडलं. मग म्हणाली, "घाईत असली की नावांची गल्लत करायची. तुला हाक मारायची तर आधी माझं नाव, मग बाबांचं, मग तुझं."

धाकटा खुदकन हसला. "आणि?"

"आणि शिंकली की शेजारचं बाळ जागं व्हायचं!"

मावशी उठून गॅलरीच्या दाराशी गेली. नवरा कठड्याला टेकून डोळे पुसत होता. "अहो, आत या," ती म्हणाली. "पोरीला जे माहीत नाही, ते तुम्हीच सांगू शकाल."

"तुला चालेल?" त्याने विचारलं.

"मलाही ऐकायचंय. इतके दिवस कुणी सांगितलंच नाही."

तो आत आला. सुरुवातीला अडखळत बोलला, मग थांबता थांबेना.

नियम टिकला, पण होता तसा राहिला नाही. मुलीने हुज्जत घालून अभ्यासानंतरचा एक तास मिळवला, सुट्टीच्या दिवशी आणखी थोडा. त्यावरून दोघींची अजूनही जुंपते. मुलगी दार आपटते, "तुला काही कळत नाही, मावशी!" म्हणून ओरडते, आणि थोड्या वेळाने त्याच तोंडाने विचारते, "माझा निळा ड्रेस कुठे ठेवलास?"

ती कपाटाकडे बोट दाखवते आणि हातातलं काम पुढे चालू ठेवते.