सिरिल ऑर्मरॉडची शेवटची तपासणी

सिरिल ऑर्मरॉडचं आणि माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कुणी म्हणायला नको की मेव्हिसबाई शेजाऱ्याचं कौतुक करत सुटल्या. इंग्लंडात, लँकशरमधल्या आमच्या गावात घरं भिंतीला भिंत लागून. त्याचा खोकला मला ऐकू येतो, माझा टीव्ही त्याला. हा माणूस उभा जन्म कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, घरपट्टी खात्यात तपासनीस होता. घरात एकटंच मोठं माणूस राहत असेल तर घरपट्टीत पाव हिस्सा सूट मिळते, आणि खोटं बोलून ती सूट लाटणाऱ्यांना पकडणं हे सिरिलचं काम. दारात उभा राहायचा, हॅट काढायचा आणि म्हणायचा, "माफ करा बाई, जरा न्हाणीघर बघू?" आत जाऊन दात घासायचे ब्रश मोजायचा. एक ब्रश असला तर सूट कायम. दोन असले की गेली.

माझीही गेली. नवरा पळून गेला तेव्हा मी सूट मागितली, आणि तो नालायक सहा महिन्यांनी परत आला तेव्हा कळवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं. शेजारधर्म म्हणून तरी याने डोळेझाक करावी की नाही? छे! सकाळी माझ्या ओट्यावर दुधाच्या दोन बाटल्या दिसल्या आणि दुपारी स्वारी हॅट काढून हजर.

आता सिरिल चौऱ्याऐंशीचा आहे आणि त्याला डिमेन्शिया झालाय. बायको नोरा सहा वर्षांपूर्वी गेली. पुढे हा किटली समजून रेडिओ गॅसवर ठेवायला लागला, तेव्हा मुलगी लिनेट शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून त्याच्याकडे राहायला आली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, तरी त्याला अंघोळ घालण्यापासून त्याने सोलून घरभर फेकलेली बटाट्याची सालं गोळा करण्यापर्यंत सगळं एकटी करते. बटाटे सोलायला त्याला फार आवडतं. खायला नाही, फक्त सोलायला.

आणि रोज सकाळी न चुकता तपासणी. भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू येतो.

"बाई, तुम्ही एकट्या राहता म्हणालात. मग हा दुसरा ब्रश कुणाचा?"

"तुमचाच आहे हो बाबा."

"मी इथे राहत नाही. मी तपासणीला आलोय."

गंमत म्हणजे कौन्सिलचंही तेच म्हणणं. डिमेन्शिया झालेलं माणूस घरपट्टीच्या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे घरात जेवतो, झोपतो, बटाटे सोलतो, पण कागदावर नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सिरिलचं आणि कौन्सिलचं इतकं एकमत झालं होतं.

याच्यापुढचा नियम तर अजून भारी. आठवड्याला पस्तीस तास काळजी घेणारी मुलगी त्याच घरात राहत असेल, तर तीही मोजायची नाही. दोघंही नाहीत म्हटल्यावर अर्धी घरपट्टी माफ. पण काळजी घेणारी बायको असेल तर ती मात्र मोजायची. बायकोने केलं ते काय, लग्नातच आलं! हा नियम ज्याने लिहिला त्याला एक आठवडा सिरिलकडे ठेवायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिनेटने अर्ज केला. नोकरी सुटलेली, अर्ध्या माफीचा तिला मोठाच आधार होता. चौकशीला कौन्सिलच्या हेस्केथबाई आल्या. पन्नाशीच्या, नेटक्या, छातीशी फाइल धरलेली. सिरिलने त्यांना एकदम ओळखलं, म्हणजे आपल्याच खात्यातल्या म्हणून ओळखलं. स्वतः खुर्ची पुढे केली. "बसा. पाय दुखले असतील. आज किती घरं झाली?"

"हे चौथं," बाई म्हणाल्या. त्यांनी लिनेटकडे बोट केलं. "आणि या कोण, मिस्टर ऑर्मरॉड?"

"ही? ही माझी बायको, नोरा," सिरिल म्हणाला. "चहा छान करते. साखर मागून घ्या, नाहीतर देत नाही."

लिनेट म्हणाली, "अहो, मी मुलगी आहे." बाईंनी मान हलवली आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. सिरिल ऑर्मरॉड यांना मोजणीतून वगळलंय. काळजी घेणारी व्यक्ती पत्नी असल्यामुळे तिला वगळता येत नाही.

लिनेटने फोन लावला, मी शेजारीच बसले होते. तिकडचा माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला की घरधन्याने स्वतः तसं सांगितलंय. लिनेट म्हणाली, "अहो, त्यांना काही कळत नाही, हे तुम्हीच मान्य केलंय ना?" तो म्हणाला, "हो, ते मान्यच आहे. पण आमच्या नोंदीतही त्या घरात मिस्टर आणि मिसेस ऑर्मरॉड असेच दोघं आहेत."

तेव्हा कळलं. नोरा गेल्यावर सिरिलने तिचं नाव काढलंच नव्हतं. लिनेट येईपर्यंत तीन वर्षं हा माणूस एकटा राहिला आणि दोघांची घरपट्टी भरत राहिला. अख्ख्या गावाची सूट ज्याने मोजूनमापून कापली, त्याने स्वतःची हक्काची सूट मागितली नाही. मागायची तर अर्जावर लिहावं लागतं, घरात मी एकटाच आहे. मला खरं सांगायचं तर त्या दिवशी सिरिलचा राग धरणं अवघड गेलं. पण मी धरला.

लिनेट पत्र हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात रडली. मी म्हटलं, "अगं, जन्माचा दाखला दाखव आणि तोंडावर मार त्यांच्या. पैसे मिळतील."

"पैशाचं नाही गं मेव्हिस. पैशाचंही आहे. पण बाबा दिवसभर मला नोरा म्हणतात, ते मी सोसते. आता कौन्सिलनेही लिहून दिलं. मी मुलगी आहे म्हणणारं कुणी उरलंच नाही."

मी तिला केकचा तुकडा वाढून दिला. दुसरं काय करणार?

दाखला पाठवल्यावर हेस्केथबाई पुन्हा आल्या, या वेळी नवा अर्ज घेऊन. मी साक्षीदार म्हणून मुद्दाम जाऊन बसले. बाई म्हणाल्या, "दाखला ठीक आहे. पण आधीचा जबाब मिस्टर ऑर्मरॉडांचा आहे. तेव्हा नव्या अर्जावर त्यांचीच सही लागेल."

"कशाला?" मी म्हटलं. "स्वतःला आठवत नाही, हे आठवून सही करायला?"

बाई लाल झाल्या. तेवढ्यात सिरिलने त्यांच्या हातातून अर्ज काढून घेतला. "तुम्ही नवीन दिसता," तो म्हणाला. "इकडे द्या. दाखवतो कसं करतात ते." त्याने चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि लिनेटला समोर बसवलं.

"नाव?"

"लिनेट."

"अरे वा! माझ्या मुलीचं पण हेच नाव. नऊ वर्षांची आहे. आता शाळेत असेल." त्याने नाव लिहिलं. "काळजी कुणाची घेता?"

लिनेटने माझ्याकडे पाहिलं. मी खुणावलं, सांग. "माझ्या बाबांची."

"आठवड्याला किती तास?"

"सगळेच."

"सगळेच असं लिहिता येत नाही बाई. आकडा लागतो."

"एकशे अडुसष्ट."

"झोप?"

"ते झोपत नाहीत."

"त्रास देतात?"

"देतात. बटाटे सोलतात."

"काय माणूस असतो एकेक!" सिरिल म्हणाला आणि एकशे अडुसष्ट लिहिलं. मग विचारलं, "तुम्हाला ओळखतात तरी?"

"नाही," लिनेट म्हणाली. "आईच समजतात मला."

सिरिलने पेन खाली ठेवलं. "वाईट वाटत असेल," तो म्हणाला.

"वाटतं."

"आणि तरी करता?"

"करते."

त्याने पेन उचललं. नात्याच्या रकान्यात, त्याच्या त्या वळणदार कचेरीच्या अक्षरात, सावकाश लिहिलं: मुलगी. खाली सही ठोकली, सिरिल ऑर्मरॉड, आणि अर्ज बाईंना दिला. "मंजूर करा. इथे ब्रश मोजायची गरज नाही."

हेस्केथबाईंनी कागद वर धरला, खाली धरला. सिरिलची सही हवी होती, सिरिलची सही होती. त्याने ती कोण म्हणून केली, हे विचारायला अर्जात रकाना नव्हता. त्यांनी कागद फाइलमध्ये घातला, नाक पुसलं आणि गेल्या. माफी महिन्याभरात मिळाली.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. बाई गेल्या तसा सिरिलने हॅट चढवली. "चला, निघतो. मुलीची शाळा सुटेल. दार उघडायला घरी कुणीतरी हवं."

लिनेटने कोट घेतला. "चला, मीही त्याच बाजूला जातेय."

जाताना तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि मला त्यांच्याच घरात थांबायला सांगितलं. दोघं हातात हात घालून कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि मागच्या गल्लीने परत आले. बेल वाजली. मी दार उघडलं. मला पाहून सिरिलने हॅट काढली, तेव्हा म्हटलं आता न्हाणीघर बघतो की काय. पण तो आत आला, खुर्चीत बसला आणि दाराकडे डोळे लावून राहिला. लिनेट उंबऱ्यातच थांबली होती.

"आले मी, बाबा," ती हळूच म्हणाली.

सिरिलच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली.

"किती उशीर केलास गं लिनेट," तो म्हणाला. "ये आत. बूट पूस आधी."