घाटावरचा वस्तरा

"हात थरथरला कसा नाही बे तुहा? सोयऱ्यासमोर वस्तरा घेऊन बसला!" नत्थुजी ओरडले.

"श्यामभाऊची गाडी रस्त्यात बंद पडली, बाबा. दहाव्याचे महाराज घाई करून राहिले होते. तुमीच म्हणलं, काईतरी कर."

"दुसऱ्याले फोन कर म्हणलं होतं. न्हावी हो, असं नव्हतं म्हणलं!"

वलगावच्या त्या घरात सगळ्या पुरुषांची डोकी गुळगुळीत होती. सकाळी कौंडण्यपूरला नदीवर नत्थुजींच्या वडिलांचा, आबाजींचा, दहावा झाला. श्याम न्हाव्याची वाट पाहून सगळे कंटाळले, तेव्हा विपुलने गाडीच्या डिक्कीतून आपली पेटी काढली आणि वडिलांपासून सुरुवात करून साऱ्या भाऊकीचं मुंडण केलं. बहिणीचे, प्राजक्ताचे, होणारे सासरे समोरच उभे होते. ते जेवायला थांबले नाहीत. दुपारी त्यांचा फोन आला, "आमी कुणब्याच्या घरी सोयरीक केली होती."

दहावीला विपुल गणितात दोनदा आपटला होता. मग मामाच्या बियाण्याच्या दुकानात बसवला, तर पोत्यांची बेरीज करताना त्याला घाम फुटायचा आणि मामा गिऱ्हाइकांसमोर त्याच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचा. पण कुणाचं डोकं हातात आलं, की त्याचं मन थाऱ्यावर यायचं. अमरावतीतल्या सलूनचा भाडेकरार नत्थुजींनीच आपल्या नावावर केला होता. काचेच्या दाराआड पोरगा हेअर स्टायलिस्ट होता, तसं चारचौघांत सांगताही येत होतं. घाटावरच्या मातीत उकिडवा बसल्यावर काय सांगणार?

"एखाद्याच्या डोक्याले जरासं तरी कापायचं होतं," रुख्मिणी पोराकडे न बघता म्हणाली. "नवखा म्हणून खपला असता. इतकं साफ कशाले केलं रे, बाप्पा?"

विपुलने बहिणीकडे पाहिलं. "प्राजू, तू तरी बोल."

"तुले पाढे आले असते," प्राजक्ता म्हणाली, "तर माह्यं लगन मोडलं नसतं."



नत्थुजींनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. कुठे खरचटल्याची खूणही नव्हती.

"सलून उद्या बंद. खुर्च्या, आरसे इकून टाकतो. सोमवारपासून हा मामाच्या दुकानात हिशोबाले बसन. ताटं वाढा."