कडुबाने दाखवलेली जागा

पैठणच्या धरणामागे जे अफाट पाणी पसरलंय, त्याला संभाजीनगरची मंडळी बॅकवॉटर म्हणतात. शनिवार आला की "चला बॅकवॉटरला" म्हणत गाड्या सुटतात. त्यांच्या लेखी बॅकवॉटर म्हणजे तंबू, तळलेली मासळी आणि लांबून दिसणारे गुलाबी पक्षी. सरकारी कागदात त्याच पाण्याचं नाव फुगवटा. इंग्रजी कोशात म्हणे या शब्दाचा आणखी एक अर्थ दिलाय: जगाच्या मागे राहिलेली, काही म्हणता काही न घडणारी जागा. कोश लिहिणारा कडुबाच्या गावाला कधी आला नसावा, एवढंच म्हणतो.

कडुबा पंचविशीत असताना त्याचं जुनं गाव या पाण्याखाली गेलं. आता तो शहात्तर वर्षांचा आहे. संक्रांत उलटली की पाणी हळूहळू मागे सरतं आणि खालची जमीन उघडी पडते. जुन्या मालकांना तिथे एक पीक काढू देतात, त्याला गाळपेर म्हणतात. पण बांध नाही, झाड नाही, नजर जाईल तिथवर नुसता तडकलेला गाळ. त्यात आपलं रान कुठलं, हे सांगणार कोण? तर कडुबा.

पायातल्या वहाणा काढून तो गाळात उतरायचा. डोंगरावरच्या देवळाचा कळस नजरेत धरून उभा राहायचा, मग डोळे अर्धे मिटून चालू लागायचा. पहाटेच्या धुक्यात ते चालणं पाहावं. पन्नास वर्षांपूर्वीच्या गावातून तो खुशाल फिरत असे. मागून येणाऱ्यांना सांगे, "हितं वाका रं, चिंचेची फांदी लागंल." चिंच कधीच गेलेली. लोक हसायचे, पण वाकायचेसुद्धा. मग एका जागी थांबून तो टाच रोवायचा, "घ्या, हा तुमचा बांध." त्याच्या टाचेवरून तंटा झाल्याचं कुणाला आठवत नाही.

अशा या माणसाने आयुष्यात एकच खूण खोटी सांगितली आणि ती स्वतःच्या बायकोला.

त्याचं असं झालं. गाव उठायच्या दोन वर्षं आधी कडुबा आणि केसरबाईचं पहिलं लेकरू गेलं. कृष्णा त्याचं नाव, तीन महिन्यांचा. आपल्यात एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. नदीकाठच्या स्वतःच्या मळीच्या रानात, बाभळीखाली त्याला पुरलं. मग पाणी आलं. दहा-बारा वर्षांनी त्या अंगालाही गाळपेर सुरू झाली, दर उन्हाळ्यात पाणी पार लांब जाऊ लागलं, तेव्हा केसरबाई दुधाची वाटी पदराखाली धरून नवऱ्यामागे निघाली. कडुबाने कळस धरला, पावलं मोजली आणि पाण्याच्या कडेला येऊन थांबला. मळीचं रान अजून पुढे होतं, खोल पाण्यात. ते कधीच उघडं पडणार नव्हतं.

"कुठं हाय?" केसरबाईने विचारलं.

तिचं तोंड पाहून कडुबाला खरं बोलवेना. चार पावलं मागे आला आणि टाच रोवली. "हितं."

ती टाच चाळीस वर्षं रुतून बसली. दर आखितीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, केसरबाई तिथे दूध ओतायची, गाळावरून हात फिरवायची आणि तोंडातून शब्द न काढता घरी यायची. परतल्यावर दोन-दोन दिवस जेवायची नाही. कडुबाला वाटे, आईचं काळीज, चालायचंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला जागा तरी मिळालीय. ती हिरावून घेतली तर तिच्यापाशी उरेल काय, या एका भीतीने तो गप्प राहिला.

यंदा आखितीला नात आली. प्रेरणा संभाजीनगरात जमीन मोजणाऱ्यांकडे कामाला आहे. तिने जुन्या गावाचा नकाशा मोबाइलमध्ये बसवून आणला होता. सकाळभर ती आजोबांच्या खुणा तपासत फिरली आणि हरखून गेली. "आबा, अकरा बांध पायले, अकराच्या अकरा बरोबर! दोन फुटाचाबी फरक नाय." कडुबा नुसता हसला. त्याला पुढचं दिसत होतं.

केसरबाई वाटी घेऊन खाली बसली, तोच प्रेरणा म्हणाली, "आज्जी, थांब. आपलं मळीचं रान हे नाय." तिने पाण्याकडे बोट केलं. "ते तिकडं हाय. आत."

पाणी आरशागत पडलं होतं. गावभरच्या बांधांवर न चुकलेला माणूस बायकोच्या नजरेसमोर खाली मान घालून उभा राहिला. "मला ठाव व्हतं," तो म्हणाला. "पयल्या सालापासनं."

केसरबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने नातीला विचारलं, "लई खोल हाय का गं तिथं?"

"व्हय आज्जी. मृतसाठा म्हणतेत त्याला. सगळ्यात तळाचं पाणी. ते तिथंच राहतं."

"मंग तिथं कुणी गाळपेर केली नसंल?"

"पाण्यात कशी करतील?"

"एकदाबी ट्रॅक्टर गेला नसंल?"

"नाय गं आज्जी. कुणाचाच नाय."

केसरबाईने वाटी खाली ठेवली. तिचे खांदे हलू लागले. हसतेय की रडतेय, कडुबाला कळेना. तो जवळ जाऊन बसला, तेव्हा ती त्याच्या गुडघ्यावर मूठ आपटत म्हणाली, "आवो, दर साली हितं नांगरल्यालं दिसायचं. दर साली वाटायचं, औंदा लेकराच्या हाडाला फाळ लागला. चाळीस साल, आवो! एका शब्दानं सांगायचं नाय का, तो पाण्यात निवांत हाय म्हणून?"

प्रेरणाने मोबाइल हातात धरून रानाकडचा बाण दाखवला, तशी केसरबाईने लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात शिरली. दूध ओतलं. पाण्यात ते थोडा वेळ पांढरं दिसलं. घरी आल्यावर तिने भाकरी टाकल्या आणि सगळ्यांच्या आधी स्वतःला ताट वाढून घेतलं.