राजपुत्राची आई

सांगलीच्या एका नाटक कंपनीत मी राणीचं काम करायला लागले, तेव्हा माझी पंचविशीही उलटली नव्हती आणि माझा मुलगा झालेला नट माझ्याहून वयाने मोठा होता. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला ठेवून घेतलं नाही. माहेरी भाऊ-भावजय होती, पण माझं पान वाढताना तिथे भांडी जरा जास्तच वाजायची. गळा बरा होता, लिहा-वाचायला येत होतं. राणीचं काम करणाऱ्या पुरुष नटाचा आवाज बसला, म्हणून कंपनीचे मालक बाई शोधत होते. मी हो म्हटलं आणि माहेरही तुटलं.

कृष्णेच्या घाटाजवळ मला एक खोली मिळाली. शेजारच्या बायका पाणी भरताना माझी घागर आपल्या घागरीला लागू द्यायच्या नाहीत. दिवसभरात मी बोलायचे ते फक्त तालमीत, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेलं.

नाटक जुनं, परदेशातून आलेलं आणि आपल्याकडचा वेष चढवलेलं. राजाला त्याच्या सख्ख्या भावाने मारलेलं असतं आणि राणीने त्याच भावाशी लग्न केलेलं असतं. राजपुत्राला ते कळतं, सूड घ्यायचा हेही ठरतं, आणि तो घेत नाही. घेतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, सगळेच मरतात, मीही. मधल्या एका प्रवेशात चुलता देवापुढे एकटाच हात जोडून बसलेला असतो. राजपुत्र मागून तलवार उपसून येतो, उभा राहतो आणि तसाच परत जातो. त्या प्रवेशाला लोक फार चिडायचे.

राजपुत्र करणारा नट साताऱ्याकडच्या मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावचा होता. उंच, हाडकुळा, बोलायला कमी. पडदा वर असेपर्यंत शुद्ध बोलायचा, विंगेत आला की गावचं. बाकीचे नट माझ्याशी एकतर नको तितक्या सलगीने वागत, नाहीतर वाऱ्यालाही उभे राहत नसत. हा मला बाई म्हणायचा. तालीम संपली की चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवायचा आणि आपली घेऊन पलीकडच्या बाकावर बसायचा. तेवढी सोबत मला पुरायची.

एका दुपारी मी राणीच्या शेल्याचा काठ शिवत बसले होते. तो म्हणाला, "बाई, ह्यो राजपुत्र माघारी का फिरतो, ठावं हाय तुमास्नी?"

"प्रार्थना करताना मारलं तर तो पापी स्वर्गात जाईल म्हणून. लिहिलंय ना तसं."

"लिवलंय. पर ती सबब हाय. त्याला मारवतच न्हाई." मग म्हणाला, "माज्या बापाला माज्या चुलत्यानं मारलं. बांधाच्या भांडणात. कुऱ्हाडीनं."

तेव्हा तो लहान होता. साक्षीला कोणी उभं राहिलं नाही, चुलता सुटला. दोन्ही घरं समोरासमोर. हा गावी गेला की आई त्याच्यापुढे भाकरी ठेवायची आणि एकच विचारायची, "कवा?"

"म्हून मी जातच न्हाई," तो म्हणाला. "तुमी आई झाल्याल्या बऱ्या. कायबी इचारत न्हाई."

मी हसले. पण खोलीवर आल्यावर मी दिवा न लावताच बसले. कोणी मला आपलं म्हटल्याला फार दिवस झाले होते, आणि म्हटलं ते असं.

त्या हिवाळ्यात कंपनीचा मुक्काम साताऱ्याला पडला. कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीतून आम्ही सामानासकट गेलो. दिव्यांना रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून मालकांनी दुपारचे खेळ लावले. एका खेळाआधी आमचा राजपुत्र पडद्याच्या भोकाला डोळा लावून उभा होता, तो हलेचना. मी जवळ गेले.

"म्होरल्या बाकावर. पांढरा पटका," तो म्हणाला. "त्योच."

मी पाहिलं. वाळलेला म्हातारा, गुडघ्यांवर आडवी काठी. थिएटर भरलं होतं, मागे त्याच्याच गावची माणसं भिंतीला टेकून उभी होती, तरी त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या.

"मालकांना सांगू का?"

"नगं. काय सांगनार?"

तो प्रवेश आला. पुढच्या प्रवेशात माझं काम होतं, म्हणून मी विंगेत तयार उभी होते. राजा झालेला नाटकातला चुलता गुडघे टेकून बसला. राजपुत्र मागून आला, तलवार उपसली आणि बोलायचं थांबला. प्रॉम्प्टरने वाक्य दिलं, पुन्हा दिलं. त्याची नजर राजाकडे नव्हतीच. ती पुढच्या बाकावर होती. तेवढ्यात मागच्या भिंतीकडून कोणीतरी ओरडलं, "घाल की रं! बापाचाच हायस न्हवं तू?"

ते राजपुत्राला नव्हतं, हे त्या गावच्या माणसांना कळलं, आम्हा दोघांना कळलं आणि म्हाताऱ्यालाही. त्याने डोक्यावरचा पटका उतरवला, मांडीवर ठेवला आणि उघड्या डोक्याने मान वाकवून बसून राहिला. गुडघ्यावरचा राजा ओठ न हलवता म्हणत होता, "अरे, बोल की." याने तलवार खाली घेतली आणि एक शब्दही न बोलता आत आला.

पुढचा प्रवेश मायलेकांचा. त्याने सगळी वाक्यं चोख म्हटली.

खेळ संपला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. म्हातारा काठी टेकत रंगपटाच्या दाराशी आला. आत आम्ही दोघंच होतो. याच्या चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला होता.

"वळखलंस?"

"व्हय."

"बाईल मेली. पोर न्हाई, बाळ न्हाई. गावात कुनी चुलीला इस्तू देत न्हाई. रोज दार उगडं टाकून बसतो. वाटतं, आज येशील. तू येत बी न्हाईस आन् येनार न्हाई म्हनून सांगत बी न्हाईस. मारायचं असंल तर मार, लेकरा. न्हाईतर न्हाई म्हन. मला निजू दे."

याने रंग पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तात्या, बांध कुनी सरकीवला व्हता?"

म्हाताऱ्याने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. "आता ध्यानात न्हाई रं," तो म्हणाला.

"मी काय करनार, ते मलाबी ठावं न्हाई," हा म्हणाला.

म्हाताऱ्याच्या हातातली काठी पडली. याने वाकून ती उचलली, त्याच्या हातात दिली आणि त्याला मेढ्याच्या मोटारीपर्यंत पोचवायला निघाला. मी दारातून पाहत राहिले. दोघांमध्ये हातभर अंतर. पाठमोरे चालताना दोघांचे खांदे अगदी एकसारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना सांगितलं की हे काम आता होणार नाही. त्याच आठवड्यात तो पलटणीत भरती झाला. जाताना मला म्हणाला, "येतो, बाई." कंपनीने दुसरा राजपुत्र उभा केला. तो त्या प्रवेशात टाळ्या घ्यायचा. पण कंपनी फार दिवस चालली नाही. मी सांगलीतच राहिले आणि एका जैन अडत्याच्या मुलींना गाणं शिकवू लागले.

लढाई संपल्यावर एका संध्याकाळी तो शोधत आला. अंगावर खाकी कपडे, कानशिलांवर पांढरे केस. चुलता तो लांब असतानाच वारला होता. दारातच बसलेला सापडला म्हणे.

"मी हितं असतो तर त्याला अग्नी दिला असता का, ते आजबी मला सांगता येत न्हाई," तो म्हणाला. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. रजा उरली होती, पण तो गावात राहिला नव्हता.

नंतर आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. साखर कशी मिळत नाही, नदीला पाणी किती आहे. त्याला जेवून जा म्हणावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. घरात पीठ होतं, वांगी होती. तोही टोपी हातात फिरवत होता, उठत नव्हता. मग तो उठला. मिरजेची गाडी गाठायची होती.

तो गेल्यावर मी चूल पेटवली आणि एकटीपुरतं पीठ मळलं.