डाल्टनचं लाकूड

जमैकातल्या बोस्टन बेच्या किनाऱ्यावर लिनव्हल ग्रिझलची जर्कची, म्हणजे तिखट मसाला चोळून धुरावर भाजलेल्या कोंबडीची, भट्टी आहे. तिच्यापेक्षा फक्त एकच वस्तू जास्त तापलेली असायची, ती म्हणजे त्याची जीभ. कोंबडी पावशेर आणि बढाई शेरभर, असं म्हणत गिऱ्हाइकं निमूट रांगेत उभी राहायची.

"माझे पूर्वज गोऱ्यांच्या मळ्यातली गुलामी सोडून पळाले ते थेट डोंगरात," कोयत्यानं तुकडे पाडत तो सांगे. "शिपायांना धूर दिसू नये म्हणून खड्डा खणून त्यात रानडुक्कर भाजायचे. मिरची, मीठ, पिमेंटोच्या झाडाचे मिरीसारखे दाणे. आणि खाली लाकूडही पिमेंटोचंच! दुसऱ्या लाकडावर कोंबडी ठेवीन तर हा हात झडून पडेल."

ईस्टरच्या सोमवारी अर्धा जमैका किनाऱ्यावर लोटतो, आणि नेमका त्याआधी लाकूडवाल्याचा ट्रक बंद पडला. भट्टी बंद ठेवावी तर पोट जळतं, दुसरं लाकूड घालावं तर हात झडतो.

शेजारच्या मिस इसिल्डाच्या परसात पिमेंटोचं एक झाड होतं. लहानपणी लिनव्हलला हिनंच भाजलेला नीरफणस खाऊ घातला होता. रविवारी म्हातारी चर्चमध्ये स्तोत्रं गात असताना यानं झाड आडवं केलं. सावकाश सांगू, वर कोंबडीची एक तंगडी देऊ, असा हिशेब. गुडघ्यांमुळे ती परसात फिरकत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

सोमवारी ती काठी टेकत भट्टीवर आली. बाकावर बसून तंगडी चाखली.

"पोरा, आज तुझ्या हाताला चव आलीय. ओल्या लाकडाचा वास उतरलाय. कुठून आणलंस?"

"डोंगरातून, मिस इसी! पूर्वजांच्या रानातून!"

"शाबास. संध्याकाळी माझा डाल्टन येतोय इंग्लंडहून. किती वर्षांनी! फोनवर म्हणाला, आई, आधी माझं झाड बघणार."

"तो दारातला नारळ ना? झकास वाढलाय."

बाळाची नाळ ज्याखाली पुरतात ते त्याचं झाड, आणि ते झाड म्हणजे नारळ, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"नारळ कसला! तो जन्मला त्या साली सगळे नारळ रोगानं मेले होते. त्याच्या बापानं नाळ पुरली ती परसातल्या पिमेंटोखाली."

लिनव्हलचा कोयता हवेतच राहिला. जाळीखाली डाल्टनचं झाड चरचरत होतं आणि त्यातून निघालेला धूर सरळ त्याच्या डोळ्यांत जात होता. पूर्वज अख्ख्या फौजेपासून लपले. याला एका म्हातारीसमोर तोंड लपवायला जागा नव्हती.

"ए पूर्वजा, कोंबडी करपतेय!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"मिस इसी," तो कसाबसा म्हणाला, "डोंगरातून नाही. तुमच्या परसातून."

म्हातारीनं हातातल्या हाडाकडे पाहिलं, ते कागदावर ठेवलं आणि एकेक बोट पुसलं. काठी घेऊन निघून गेली.

लिनव्हलनं भट्टीतला एक ओंडका ओढून वाळूत विझवला. संध्याकाळी तो खांद्यावर घेऊन तिच्या अंगणात उभा राहिला. डाल्टन टक्कल आणि पोट घेऊन परतला होता.

"हे काय?"

"तुझं झाड." लिनव्हलची मान खालीच होती. "मी तोडलं."

डाल्टननं जळक्या सालीवरून हात फिरवला, नाकाशी नेला. एक कानाखाली ठेवून दिली असती तर लिनव्हलला पोटभर जेवल्यासारखं वाटलं असतं. डाल्टननं फक्त विचारलं, "कोंबडी उरलीय का?"

लिनव्हलनं आणून दिली. आईच्या पायरीवर बसून डाल्टननं ती खाल्ली, हाडंसुद्धा चोखली. मग परसात गेला आणि उरलेल्या खोडावर, अंधार पडेपर्यंत पाठ फिरवून बसला.

लिनव्हलची भट्टी अजून चालते, पण बिनआवाजाची. पूर्वज पुन्हा डोंगरात गेलेत. गिऱ्हाइकांना त्या सोमवारची चव आठवते; ती विचारतात, "त्या दिवशी लाकूड कुठलं होतं रे?"

"डाल्टनचं," तो म्हणतो आणि खाली बघून कांदा चिरायला लागतो. परगावच्यांना वाटतं, डाल्टन म्हणजे कुणी वखारवाला असेल.