बरोबरीच्या बायकांच्या मानानं

अपंग आणि जुनाट दुखण्याची माणसं चारचौघांत किती मिसळतात, हे मोजायचा फॉर्म घेऊन मी हिंगोली जिल्हाभर फिरले. फॉर्म साहेबांकडे जमा झाले, किस्से माझ्याकडे राहिले! माणूस जितका एकटा, तितका आकडा मोठा. मोठा आकडा आला की नाव यादीत, आणि दर आठवड्याला एक ताई घरी गप्पा मारायला येणार. ट्रेनिंगमध्ये हे फार सोपं वाटलं होतं.

*

वारंगा फाट्याजवळचे रामराव लकव्यानंतर ओट्यावरच बसून असतात.

"दुसऱ्यांच्या घरी जाता?"

"न्हाई."

"कार्यक्रमांना?"

"न्हाई."

आकडा चढत चालला. तेवढ्यात एक जण भांडण मिटवायला आला, दुसरा सोयरिकीचं विचारायला, तिसरा नुसताच टेकला.

"मी काहून जाऊ? समदे इथंच येऊन राहिले!"

गावातला सगळ्यात एकटा माणूस म्हणून रामरावांचीच नोंद झाली.

*

तांड्यावरच्या कमळाबाईंचा एक पाय पोलिओनं अधू आहे.

"तुमच्या बरोबरीच्या बायकांइतकं बाहेर जाता?"

त्या हसतच सुटल्या. "त्या तरी कुठं जातात? शेत आन् चूल. बराबरच हाय आमचं!"

आकडा शून्य, म्हणजे एकदम उत्तम! मी गोंधळून साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "फॉर्मप्रमाणे बरोबर आहे." मला अजून कळलेलं नाही.

*

नरसीला दम्याच्या एका आजींना विचारलं, "घरात तुमचं मत विचारतात का?"

आजोबा म्हणाले, "व्हय, विचारतो की!"

"आजींना सांगू द्या."

आजोबा वळले. "सांग गं, विचारतो म्हून!"

आजी म्हणाल्या, "लिही बाई, विचारतात."

मी लिहिलं.

*

सुनंदा आमच्याच टीममधली, अधू पायाला आधाराचं लोखंडी कॅलिपर. एकदा गंमत म्हणून तिनं स्वतःचाच फॉर्म भरला. आकडा अगदी लहान आला.

"मग मी डबा एकटी काहून खाते?" तिनं विचारलं.

टीममधल्या बाकीच्या आम्ही तिघी आपापल्या डब्याकडे बघत राहिलो. लाज वाटली.

*

कुरुंद्याच्या गयाबाईंची नजर शुगरनं गेली. घरात एकट्याच. पहिल्या फेरीत आकडा भलामोठा आला, नाव यादीत गेलं, पण ताई काही नेमली गेली नाही. सहा महिन्यांनी फरक मोजायला मीच पुन्हा गेले. ही शेवटची फेरी. आकडा उतरला की नाव कमी होणार होतं.

"कुणी भेटायला येतं?"

"येतं की!"

"गप्पा मारतं?"

"लई!"

"सुखदुःख विचारतं?"

"समदं विचारतं."

आकडा झरझर उतरला. मला मनापासून आनंद झाला. फॉर्म पुरा करून सहज विचारलं, "कोण येतं हो, आजी?"

"तू!"

लिहिलेलं खोडायचं नाही, असा नियम. गयाबाईंनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"आता पुढचा फारम कवा भरायचा?"